निळ्या बाळाला निळं इंजेक्शन

वाचनालयात येणाऱ्यांनी हे आजच वाचावं, म्हणून सकाळची गोष्ट लगेच लिहून भिंतीवर लावतो आहे.

पहाटे माझ्या बहिणीच्या, शांताच्या, दोन महिन्यांच्या मुलीचे ओठ आणि नखं निळी पडली. ती रडतही नव्हती. आष्टीहून जीपने जालन्याला दवाखान्यात नेलं. तिचं रक्त लाल नव्हतं, चॉकलेटी होतं.

डॉक्टरांनी सुईत गडद निळं औषध भरलं. मेथिलिन ब्लू. शांताने त्यांचा हातच धरला.

"दादा, लेकरू निळं पडून राह्यलं, अन् हे अजून निळं घालून राह्यले!"

"बाई, हात सोडा. जल्दी."

तिची बोटं मी सोडवली.

तासाभरात ओठ गुलाबी झाले. मग दुपटं हिरवट निळं भिजलं आणि शांता पुन्हा किंचाळली. ते औषधच लघवीतून बाहेर पडत होतं.

डॉक्टरांनी विचारलं, दुधाच्या पावडरीत पाणी कुठलं घालता? मळ्यातल्या विहिरीचं. तिच्या काठावर आम्ही खताची पोती धुतो. ते खत पाण्यात उतरतं आणि तान्ह्याच्या रक्ताला प्राणवायू नेऊ देत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"पण मी अर्धं आटेपर्यंत उकळत होते!"

"पाणी आटतं, बाई. खत आटत नाही. उकळून ते दाट होतं."

उकळायला मीच सांगितलं होतं.

त्या विहिरीचं पाणी आणखी तीन घरांत जातं. तिथल्या तान्ह्यांचं संध्याकाळचं दूध आज कोणत्या पाण्यात कालवणार आहात?