गंज लागल्यास

माझा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख अडीचशे शब्दांचा आहे. लोखंडाच्या वस्तूला लागलेला गंज घरच्या घरी कसा काढावा, एवढाच त्याचा विषय. तो लिहायला मला वीस मिनिटं लागली. त्या वेळी माझी धाकटी बहीण नाचणगावात स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या डाव्या कानातून रक्त येत होतं.

वर्ध्याच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी काउंटरला उभी राहिले. मग लोक कुकरसुद्धा मोबाइलवरून मागवायला लागले आणि दुकानाला एक माणूस पुरायला लागला. तो माणूस माझा नवरा. मी सिंदी मेघेतल्या घरी बसून दुसरं काम शोधलं. घरगुती माहितीची एक वेबसाइट होती. छोटे छोटे लेख टाकायचे. जितके लोक उघडतील तितके पैसे. एका लेखाला चहाचे पैसेही सुटत नाहीत, म्हणून दिवसाला तीन तरी टाकायचे. मुंग्या घालवायचे उपाय, डाळ लवकर शिजायला काय करावं, गादीतले ढेकूण. मी याला लेखन वगैरे म्हणत नव्हते. हे भांडी विकण्यासारखंच होतं. रस्त्यानं जाणारं गिऱ्हाईक दारात थांबलं पाहिजे.

पहिल्याच आठवड्यात पुण्याहून संपादक बाईंचा फोन आला.

"अहो, तुम्ही गंजात दूध तापवायला सांगितलंय."

"मग कशात तापवायचं?"

"गंजलेल्या भांड्यात? लोक आजारी पडतील ना."

मी सांगितलं, आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. त्यांनी विचारलं, मग गंजाला काय म्हणता? मी म्हटलं, जंग. त्या बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, लिहिताना पातेलं लिहा, वाचक सगळीकडचे असतात. त्यांचं बरोबर होतं. गिऱ्हाईक मागेल ते नाव सांगावं लागतं. मी फ्रिजवर चिठ्ठी चिकटवली: गंज म्हणजे पातेलं नाही. वीस वर्षं मी किलोवर गंज विकले होते, स्टीलचे, पितळेचे, जर्मनचे. पण दिवसाला तीन लेख म्हणजे वर्षाला हजार होतात, आणि हजार लेखांत जीभ बदलते. एकदा घरात मी पातेलं म्हटलं तर नवरा म्हणाला, "पुण्याहून आली काय वं? आमच्या घरी गंज असते."

बहिणीचा नवरा घराच्या पुढच्या भागात किराणा दुकान चालवतो. लग्नाला तीन महिने झाले तेव्हा त्यानं पहिल्यांदा तिला मारलं, भाजीत मीठ जास्त म्हणून. नंतर कारण लागेनासं झालं. एकदा मनगट मोडलं. एकदा उकळता चहा पायावर ओतला. त्या पायाची कातडी अजून वेगळी दिसते. प्रत्येक वेळी ती न्हाणीत पडलेली असायची. नाचणगावातली सगळ्यात निसरडी न्हाणी तिच्याच घरी होती. मी दोनदा तिला घेऊन आले. दोन्ही वेळा तो हातात मिठाईचा डबा घेऊन आला आणि ती परत गेली.

"तुह्या घरी मी किती दिवस राहू?" ती म्हणायची. "माह्या नावाची खोली पाह्यजे. मंग मी परत नाई जात."

म्हणून आम्ही ठरवलं. तिनं मला मोबाइलवर दोन ओळी पाठवायच्या, अडचण आणि उपाय. त्याचा लेख मी करायचा. त्या लेखांचे पैसे वेगळे ठेवायचे. वर्ध्यात एका खोलीचं डिपॉझिट जमलं की तिनं निघायचं. नवऱ्यानं विचारलं तर बहिणीला रेसिपी सांगते म्हणायचं, आणि तेही खोटं नव्हतं. तिचे निरोप असे असायचे: "पापडाले किडा लागला. डब्यात मिरे टाकाव." किंवा, "दही आंबट झालं. काय कराव?" पाठवलं की ती लगेच पुसून टाकायची. सहा महिने हे नीट चाललं. माझ्या डोक्यात ती आता मारहाणीची बाई राहिली नव्हती, आठवड्याला सात लेखांची बाई झाली होती.

एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास तिचा निरोप आला.

"ताई गंज लागला. डाग पडला. पानी लावलं पन जाऊन नाई राह्यला. काय लावू?"

मी तूर निवडत होते. वाचलं आणि बरं वाटलं, कारण गंजावर आमचा एकही लेख नव्हता. मी उत्तर पाठवलं: "निंबू आन मीठ लाव. दहा मिनिटं ठेव." मग सूप बाजूला ठेवून लेख लिहिला. गंज लागल्यास घाबरू नका, असं पहिलं वाक्य. लिंबाचा रस, जाड मीठ, दहा मिनिटं, मग काथ्यानं घासा. दुपारी तो लागला आणि संध्याकाळपर्यंत इतक्या लोकांनी उघडला की संपादक बाईंनी अंगठा पाठवला. खोलीच्या डिपॉझिटला थोडंच कमी होतं, ते या एका लेखात भरून निघणार होतं. मी बहिणीला तसं कळवलं. तिनं वाचल्याची खूण आली नाही. दुकानात गर्दी असेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी मी लेखाखालचे शेरे वाचत होते. बहुतेक धन्यवाद म्हणणारे. एक मात्र आपल्याकडचा होता. त्यानं लिहिलं होतं: "आमच्या इकडं गंज भांडनात लागते बाप्पा. बायको नेम धरून मारते. त्याले पन निंबू-मीठच लावाव काय?" खाली पाच-सहा जणांनी हसण्याची चित्रं टाकली होती.

मीही हसले. मग बहिणीचा निरोप पुन्हा उघडला.

आमच्या घरात, आमच्या आईच्या घरात, आमच्या दुकानात लोखंडाला जंग लागतो. गंज लागतो तो माणसाला. हे मला चौथ्या वर्षी माहीत होतं. तिनं मला लेख पाठवला नव्हता. तिला गंज म्हणजे पातेलं लागलं होतं, आणि काय लावू असं ती मला विचारत होती.

फोन लावला तर बंद. मी नवऱ्याला दुकानावरून बोलावण्यात वेळ घालवला नाही, फक्त कळवलं. पुलगावची बस पकडली, तिथून रिक्षा केली आणि नाचणगावात रिक्षावाल्याला दारात थांबायला सांगितलं.

तिचा नवरा काउंटरला एका म्हाताऱ्या बाईला साखर देत होता.

"आल्या काय, ताई. बसा. तिची तब्येत ठीक नाई. न्हाणीत पडली."

"कधी?"

"काल. डोकं दुखून राह्यलं म्हणते. बाम लावला." त्यानं पिशवीला गाठ मारली, म्हाताऱ्या बाईच्या हातात दिली आणि मला म्हणाला, "ती झोपली हाय. उठवू नोका."

मी आत गेले. ती झोपलेली नव्हती. पलंगाच्या कडेला बसून समोर बघत होती. चेहऱ्याची डावी बाजू कानापासून डोळ्यापर्यंत सुजून काळी पडली होती. कानावरची कातडी बोटभर फाटली होती आणि फाटलेल्या कडा पांढऱ्या, उकडल्यासारख्या दिसत होत्या. केस रक्तानं चिकटले होते. त्या केसांत लिंबाच्या दोन बिया होत्या.

ती म्हणाली, "ताई, निंबानं लय आग झाली. तू सांगतलं म्हणून दहा मिनिटं ठेवलं."

पलंगाजवळ बादलीत ती सकाळपासून ओकत होती. गंज पलीकडे स्वयंपाकघरात चुलीमागे पडला होता. मी ओळखला, कारण तो मीच दिला होता, लग्नात. आमच्या दुकानातला सगळ्यात जड, पितळेचा, आणि काठावर मीच मशीननं तिचं नाव टाकलं होतं. काठ एका ठिकाणी चेपला होता. मी तो पिशवीत घातला. मग तिला काखेत धरून उभं केलं.

आम्ही दुकानात आलो तसा तो बाहेरच्या दारात येऊन उभा राहिला.

"कुठं चालल्या?"

"दवाखान्यात."

"मी नेतो ना. घरचा मामला हाय, ताई. तुमी यात पडू नोका."

"बाजूला हो."

त्यानं मला काही केलं नाही. तिचे केस धरले, त्याच बाजूचे, आणि खाली ओढले. ती ओरडलीसुद्धा नाही, गुडघ्यावर आली. जखम पुन्हा फुटली आणि रक्त त्याच्या बोटांवरून मनगटापर्यंत आलं. काउंटरवर जुनी लोखंडी वजनं होती. काटा आता विजेवरचा आहे, ती वजनं कागद उडू नयेत म्हणून ठेवली होती. मी दोन किलोचं उचललं आणि त्याच्या मनगटावर मारलं. आवाज आला तो वाळलेली तुराटी मोडल्यासारखा होता. त्याचा हात सुटला. मी परत मारलं, खांद्याच्या हाडावर. तो पोत्यांवर बसला आणि मला शिव्या द्यायला लागला. तिसऱ्यांदा मी डोक्यावर मारणार होते. हात वर गेलाही होता. अजून तिथंच थांबलेल्या म्हाताऱ्या बाईनं साखरेची पिशवी खाली ठेवून माझं कोपर धरलं.

"पुरे झालं वं माय," ती म्हणाली. "तू जेलात गेली तं हिले कोन नेईन? नेजो लवकर."

मी वजन खाली ठेवलं. तिच्यामुळे ठेवलं, माझ्या शहाणपणामुळे नाही.

दवाखान्यात तपासणारा डॉक्टर बाहेरगावचा होता. त्यानं विचारलं, कशानं लागलं? बहिणीनं खरं सांगितलं, पहिल्यांदाच. "गंज लागला," ती म्हणाली. त्यानं मान हलवली आणि नर्सला धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला सांगितलं. कागदावर लिहिलं: गंजलेल्या लोखंडी वस्तूमुळे जखम.

मी म्हटलं, "डॉक्टर, ते खोडा. गंज म्हणजे पातेलं. पितळेचं. नवऱ्यानं डोक्यात मारलं." आणि पिशवीतून काढून त्याच्या टेबलावर ठेवलं. त्यानं चेपलेला काठ बघितला, तिचं डोकं बघितलं आणि नवीन कागद घेतला. पोलीस आले ते आपल्याच भागातले होते. त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही. जबाबात त्यांनी सरळ लिहिलं: पितळी गंज, एक.

कवटीला बारीक चीर होती. कानाचा पडदा फाटला होता. डॉक्टर म्हणाला, त्याच दिवशी आणलं असतं तर कान कदाचित वाचला असता. त्याच दिवशी मी सूप बाजूला ठेवून लेख लिहीत होते.

त्याचं मनगट प्लास्टरमध्ये गेलं आणि त्यानं माझ्यावर तक्रार केली. ती केस चालू आहे. तारखेला मी जाते, मारलं म्हणून सांगते, कशानं तेही सांगते. वकिलाला ते आवडत नाही.

बहीण आता आमच्या गल्लीतच खोली घेऊन राहते. डिपॉझिट त्याच लेखातून पुरं झालं. पहिले काही दिवस मी तिला काही सांगितलं नाही. मग तिनंच विचारलं.

"ताई, तू निंबू-मीठ काऊन सांगतलं?"

मी तिच्या उजव्या बाजूला बसले आणि सांगितलं. फ्रिजवरची चिठ्ठी, जंग, लेख, सगळं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे मी मरून राह्यलती अन् तू मले छापून राह्यलती."

"हो."

"लय जणांनी वाचलं काय?"

"सगळ्यात जास्त."

"मंग राहू दे. काढू नोको. माह्या खोलीचं छप्पर आहे ते."

मी लेख काढला नाही. पण शेवटी एक ओळ घातली: गंज डोक्याला लागला असेल तर लिंबू-मीठ लावू नका, ताबडतोब दवाखान्यात न्या. संपादक बाईंनी ती काढली आणि कळवलं की वाक्याचा अर्थ लागत नाही. मी पुन्हा घातली. त्यांनी पुन्हा काढली. चौथ्या वेळी त्यांनी फोन केला. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या वेळी त्या हसल्या नाहीत. ती ओळ आता तिथं आहे.