असामानीचा पूल

घानातल्या प्रा नदीकाठी राजा पाहुण्याशी थेट बोलत नाही. नाना, म्हणजे गावचे राजे, पुटपुटायचे आणि त्यांच्या वतीने बोलणारा असामानी सोन्याच्या मुठीची काठी उंचावून तेच गोड करून सांगायचा.

गेल्या वर्षी नदीत होडी उलटली आणि असामानीची बायको सेरवा बुडता बुडता वाचली. तेव्हापासून ती पलीकडच्या बाजाराला निघाली की असामानीच्या घशाखाली घास उतरत नसे.

मग सरकारचे मंत्री रेडिओवाल्यांना घेऊन गावात आले. तासभर बोलले, पण गाव वर्षानुवर्षं मागत असलेल्या पुलाचं नाव काढलं नाही.

नाना पुटपुटले, "ह्या जाड्याला विचार, आमचा पूल कुठं गिळलास?"

असामानीने काठी उंचावली. "नाना म्हणतात, पुलाचं वचन दिल्याबद्दल गाव तुमचं ऋणी आहे."

ढोल वाजले.

"मी कधी दिलं?" मंत्री दचकले.

"अरे, कधी दिलं यानं?" नानाही पुटपुटले.

"नाना म्हणतात, पुलाला तुमचंच नाव द्यायचं."

मंत्र्यांनी रेडिओवाल्यांकडे पाहिलं आणि हसून मान डोलावली.

पूल झाला. राष्ट्र घडवणाऱ्यांत आता शाळेतली मुलं त्या मंत्र्यांचं नाव घोकतात.

पहिल्या दिवशी सेरवा कोरड्या पायांनी पलीकडे जाऊन आली. तिने असामानीला विचारलं, "अहो, नाना खरंच तसं म्हणाले होते?"

असामानीने सवयीने काठी उंचावली. "नाना म्हणतात, हो."