आमच्या गावचा वॉचमन

हरेश घर्ती तानशाजवळच्या एका आमराईत वाढला. वडील टेकबहादूर नेपाळचे, त्या आमराईचे राखणदार. आई मैना शेणव्याच्या शेतकरी घरातली. तिनं गुरख्याशी लग्न केलं म्हणून माहेर दोन वर्षं तिच्याशी बोललं नाही.

किन्हवलीच्या शाळेत पोरं हरेशला "ए शाब" अशी हाक मारायची. तो खाली मान घालून पळ काढायचा. सगळा तालुका क्रिकेट खेळत होता, पण टेकबहादूरनं त्याला फुटबॉल शिकवला. दोन आंब्यांच्या मधे गोल. "उजवा पाय बांधून ठेव. डाव्यानं मार."

तोच डावा पाय पाहून १९९५ साली मुंबईच्या एका क्लबनं त्याला पगारावर घेतलं. तिथं हरेशनं सगळ्यांना मामाचं आडनाव सांगितलं, भेरे. घरचं कुणी विचारलं तर म्हणायचा, वडील लहानपणीच वारले.

तीन वर्षांनी पेपरात त्याचा फोटो आला. खाली छापलं होतं, एच. भेरे. पुढच्या सामन्याला टेकबहादूर न कळवता आले. इस्त्रीचा खाकी गणवेश, डोक्यावर नेपाळी टोपी, हातात उकडलेल्या शेंगांची पिशवी.

सामना संपल्यावर कॅप्टननं विचारलं, "कोण रे हे?"

"आमच्या गावचा वॉचमन," हरेश बोलून गेला.

टेकबहादूर दोन पावलांवर उभे होते. त्यांनी टाचा जुळवल्या आणि पोराला सलाम ठोकला. "भेरेसाब, छान खेळलात." पिशवी बाकावर ठेवून ते फाटकाकडे चालू लागले. हरेशला हाक मारावीशी वाटली, पण भोवती सगळा संघ होता.

नंतर तो घरी जायचा तेव्हा वडील चहा करायचे, गुडघा कसा आहे विचारायचे. त्या दिवसाबद्दल चकार शब्द नाही. मैनाला त्यांनी सांगितलं होतं, "पोरानं मला खुर्चीत बसवला, सगळ्यांना ओळख करून दिली." ती हे शेजारणींना सांगायची आणि हरेश उठून मागच्या दारी जायचा.

२००१ साली काठमांडूच्या एका क्लबनं त्याला बोलावलं. वडील नेपाळचे, म्हणून तिथला खेळाडू म्हणून नोंद होणार होती. त्यासाठी वडिलांचे कागद आणि सही हवी होती. टेकबहादूरनं पत्र्याच्या पेटीतून कागद काढले, चष्मा लावला आणि फॉर्म भरायला घेतला. एका रकान्यात खेळाडू तुमचा कोण, असं विचारलं होतं. त्यांचा पेन थांबला.

"इथं काय लिवू?" त्यांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता.

हरेशनं त्यांचे पाय धरले. "बा, माझं चुकलं. मला माफ कर."

"कागद भिजेल," ते म्हणाले. "आधी लिवू दे." आणि त्यांनी नेपाळीत लिहिलं, छोरा. मुलगा.

हरेश काठमांडूत घर्ती म्हणून तीन हंगाम खेळला. मग गुडघा गेला. २००४ पासून तो मुरबाडच्या एका शाळेत मुलांना फुटबॉल शिकवतो.

काठमांडूहून त्यानं वडिलांना तीनदा बोलावलं होतं. एकदा आंब्याला मोहोर होता, एकदा मैनाला बरं नव्हतं, तिसऱ्यांदा त्यांनी कारणही दिलं नाही. हरेशनंही विचारलं नाही. पुन्हा एकदा त्याच्या मैदानाच्या कडेला उभं राहायला ते का येत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं.