मजनूना म्हणजे झाकलेली

“कुठून आला हो हा शब्द?” समोरचा काहीही बोलला की आमच्या शेजाऱ्यांचा हा प्रश्न ठरलेला. भाजी खलास झाली म्हटलं, तरी भाजी राहायची बाजूला आणि ते ‘खलास’च्या मागे लागायचे. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आपण हसतो, पण तो नसला की चुकल्यासारखं होतं.

बहारीनमध्ये, बुसैतीनला ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत. पुण्याचे, जहाजदुरुस्तीच्या कंपनीत इंजिनियर. लग्न उशिरा झालेलं. वहिनींना सातवा महिना असताना बाळ पोटातच गेलं. दवाखान्यातून परतल्या त्या बोलेनाशाच झाल्या. दिवसभर खिडकीशी बसून. भरवलं तर खायच्या.

डॉक्टर झाले, गावाहून अंगारा आला. “काहीही करा, पण हिला बोलतं करा,” असं ते दिसेल त्याला म्हणायचे. मलासुद्धा, बँकेतल्या साध्या कारकुनाला.

एकदा आमची बहारिनी घरमालकीण वहिनींना बघून आली. जिन्यात ते आणि मी उभे होतो. ती हळूच म्हणाली, “मजनूना.”

ते उसळले. “मेरी बीवी को पागल बोलती हो?”

“पागल नहीं, भाई.” तिनं काळ्या अबायाच्या बाहीचं टोक हातावर ओढलं. हात दिसेनासा झाला. “ऐसा. जिन्न, जो दिखता नहीं. मजनूना, जिसको उसने ढाँक दिया.”

“म्हणजे झपाटलेली,” ते पुटपुटले.

“और पेट का बच्चा, जनीन. वो भी ढका हुआ. दोनों एक ही लफ्ज से.”

ते पायरीवर बसले. ती गेल्यावर मला म्हणाले, “जिन्नानं नाही हो, मी झाकलं. बाळ तिला दाखवलंच नाही. सगळे म्हणाले, धसका घेईल. एकटाच जाऊन पुरून आलो. कुठे, तेही सांगितलं नाही.”

त्या शुक्रवारी माझ्या गाडीतून आम्ही वहिनींना तिथे नेलं. त्या मातीच्या उंचवट्याशी बसल्या आणि दोन्ही हातांनी उकरू लागल्या. त्यांनी हात धरले, तर चावल्या. मग जे ओरडल्या, ते ऐकवेना.

बऱ्याच वेळानं वहिनींनी घोगऱ्या आवाजात विचारलं, “मुलगा होता का मुलगी?”

“मुलगी.”

“नाव काय ठेवलंत?”

ते उकरलेली माती परत लोटू लागले.

पुढच्याच महिन्यात नोकरी सोडून ते निघाले. वहिनी पुन्हा गप्प झाल्या होत्या. विमानतळावर काचेपलीकडे दोघं रांगेत उभे होते. वहिनींच्या कानाशी वाकून ते मुलीसाठी एकेक नाव सांगत होते, ओठांवरून कळत होतं. आणि प्रत्येक नावाला वहिनी मान हलवत होत्या. नाही. नाही.