विजयेची नोकरी

फार्मसी शिकून अनुजा कुडाळजवळच्या एका छोट्या आयुर्वेदिक कारखान्यात लागली. तिथे सरकारी परवान्याने भांगेच्या पानांपासून औषधी तेल काढत. वैद्य त्या पानांना विजया म्हणतात. तेल किती तीव्र उतरलंय ते तपासणं हे अनुजाचं काम, आणि तिला ते मनापासून आवडायचं.

जड होतं ते कामाचं नाव. कारखान्यातून बाहेर पडताना रोज झडती व्हायची. पानांचा उग्र वास केसांत बसायचा. घरी धामापूरला जाताना एसटीत शेजारची बाई सरकून बसायची. ठरत आलेलं लग्न मोडलं. मुलाच्या आत्याने फोनवर अनुजाच्या वडिलांना सांगितलं, "तुमचा चेडू बरा आसा, पण गांजाचो धंदो आमका नको."

वडील गुरुदास मास्तर तिला नोकरी सोड म्हणाले नाहीत. पण कुणी विचारलं की "औषधाच्या कंपनीत आसा" एवढं म्हणून विषय बदलायचे. ते अनुजाला लागायचं.

एका दुपारी शेजारची सुगंधाकाकी मागच्या दाराने आली. तिच्या नवऱ्याला, बाबलीकाकांना, हाडांचा कर्करोग झाला होता. गोव्याच्या इस्पितळातून त्यांना घरी आणलं होतं.

"दुखता म्हणान डोळ्याक डोळो लागणा नाय तेंचो," काकी कुजबुजली. "तुमच्या थयला तेल एक बाटली दी गो. कोणाक सांगूचंय नाय."

"काकी, माका थयसून थेंबपण आणूक गावणा नाय. आणि वैद्यान तपासल्याशिवाय देवचा औषध न्हय ता."

काकीचा चेहरा उतरला. "आख्ख्या गावाक म्हायत आसा तू काय करतस ता. शेजाऱ्याकच नाय तुझ्याकडे?" ती तशीच निघून गेली.

अनुजा चुलीपाशी बसून रडली. मग डोळे पुसून काकीच्या अंगणात गेली. "उद्या मी रजा घेतंय. आपण वैद्याकडे जावया. पुढच्या दारान, रिक्षा करून."

सकाळी बाबलीकाकांना उचलायला माणूस हवा होता. गुरुदास मास्तर इस्त्रीचा सदरा घालून न बोलावता आले, आणि वाटभर त्यांनी बाबलीकाकांचं डोकं आपल्या खांद्यावर धरून ठेवलं.

कुडाळच्या वैद्य सारिकाताईंनी नीट तपासलं. आधीच्या गोळ्या बंद करू नका म्हणाल्या, आणि विजयेच्या तेलाची एक बाटली दिली. "आजार यानं बरा होणार नाही. दुखणं थोडं सुसह्य झालं तर पाहू."

बाहेर बाकावर माणसं बसलेली. बाबलीकाका ओशाळून पुटपुटले, "मास्तरानु, ही भांगच मगे? लोकां काय म्हणतली?"

"विजया म्हणतत तिका," मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "माझा चेडू ताच काम करता. तेल बरा आसा काय नाय ता तपासता. तू बिनघोर घे."

अनुजाने मान खाली घातली. तिला बापाकडे बघवेना.

बाबलीकाकांचं दुखणं गेलं नाही, पण त्यांना अधूनमधून झोप लागू लागली. जाग आली की पेज मागायचे, पडवीत बसून मास्तरांची थट्टा करायचे. पाऊस सरता सरता ते गेले. बाराव्याला सुगंधाकाकीने अनुजाला हाताला धरून आपल्या माहेरच्या बायकांत नेऊन बसवलं, आणि पहिलं पान तिला वाढलं.