उद्यामास्तरांची तारीख

गल्लीच्या तोंडाशी टेलरचं दुकान, आणि दुकानात उद्यामास्तर. हे नाव गिऱ्हाइकांनी ठेवलेलं, आणि उगीच ठेवलेलं नव्हतं. कपडे कधी मिळतील असं विचारलं की मास्तर मशीनवरून मान वर न करता सांगायचे, उद्या. हाताला मात्र तोड नाही. त्यांनी शिवलेला कोट चढवला की पोक आलेला माणूसही ताठ दिसायचा. त्यामुळे लोक बोटं मोडत जायचे आणि पुढचं कापड घेऊन पुन्हा त्यांच्याच दारात यायचे.

या उद्यामागे मास्तरांचं एक शास्त्र होतं. गिऱ्हाइकाला खरी तारीख सांगायची नाही. कोट शुक्रवारी व्हायचा असेल तर बुधवार सांगायचा. बुधवार सांगितला तर माणूस निदान ट्रायलला वेळेवर येतो. शुक्रवार सांगा, पुढच्या महिन्यात उगवतो. इथवर ठीक होतं. पण जगातल्या सगळ्या तारखा अशाच असतात, अशी मास्तरांची पक्की समजूत झाली होती. विजेचं बिल असो की नात्यातलं लग्न, छापलेल्या तारखेला हजर राहणारा माणूस त्यांना भोळसट वाटायचा.

मास्तरांना एकच लेक. संध्याकाळी दुकानात बसून काज-बटणं करायची आणि दिवसा अभ्यास. तिला पूल बांधायला शिकायचं होतं. मार्कही तसेच होते, पण कॉलेजची फी ऐकून बायको मटकन खालीच बसली. दुकान विकलं तरी एवढी फी निघाली नसती. एकच वाट होती, कॉलेजच्या आर्थिक मदतीचा अर्ज. मदत मिळाली तर पोरगी पूल बांधणार, नाही मिळाली तर जन्मभर काज-बटणं. आत्याबाईंनी तर आत्ताच सुचवून टाकलं होतं की नाहीतरी पोरीचा हात दुकानात बसलाच आहे.

लेकीनं सगळा अर्ज भरून ठेवला. गुणपत्रिकेच्या प्रती जोडल्या, शिक्षकांचं पत्र आणलं. घोडं अडलं ते फक्त वडिलांपाशी. उत्पन्नाचा दाखला त्यांनी काढायचा आणि कॉलेजच्या खिडकीवर जाऊन त्यांनीच सही करायची. शेवटची तारीख दहा, असं तिनं सांगितलं. मास्तर म्हणाले, उद्या जातो.

मग रोज उद्या झाला. शिवाय त्यांचं म्हणणं असं की अजून प्रवेशाचं पत्र तरी कुठं आलंय? आमंत्रण आल्याशिवाय आहेराला पैसे मागत सुटायचं म्हणजे हसंच व्हायचं. बायकोनं दोनदा टोकलं, तिसऱ्यांदा ताट जरा जोरात ठेवलं. लेक काहीच बोलली नाही. दहा तारीख आली आणि गेली, तरी ती खाली मान घालून काजं करत राहिली. आणि त्या गप्प बसण्यानं मात्र मास्तर दुसऱ्याच दिवशी दाखल्यासाठी धावले. ओरडणारी गिऱ्हाइकं त्यांनी आयुष्यभर पचवली होती. गप्प बसलेलं माणूस त्यांना ठाऊकच नव्हतं.

दोन दिवसांनी दाखला हातात पडला तसे मास्तर अर्ज घेऊन कॉलेजकडे सुटले. रस्ताभर कारणं जुळवली. खिडकीपाशी पोचले आणि रांगेत उभे राहिले. काचेपलीकडच्या बाईंनी काय काम आहे एवढंच विचारलं, आणि मास्तर सुरू झाले. वीज गेली होती. मशीनचा पट्टा तुटला. इस्त्रीवाला आजारी पडला. बाहीला अस्तर कमी पडलं, हेही सवयीनं सांगून मोकळे झाले. शेवटी कारणं संपली. पोरीचा यात काही दोष नाही, एवढंच कसंबसं म्हणाले, आणि भर रांगेत त्यांचे डोळे भरून आले.

बाईंनी अर्ज उलटसुलट पाहिला.

"काका, शेवटची तारीख महिनाअखेर आहे. तुम्ही तर लवकर आलात."

मास्तरांना आधी हायसं वाटलं आणि मग असा राग आला की विचारू नका. बाई समजावून सांगत होत्या. मदतीचे पैसे ठरलेले असतात, जो आधी येतो त्याला आधी. शेवटच्या दिवशी येणाऱ्यांच्या वाट्याला नुसती सहानुभूती उरते. प्रवेशाच्या पत्राची वाट बघायचीच नाही, दोन्ही अर्ज बरोबर चालतात. आणि एकदा मिळाली म्हणून बसून राहायचं नाही, दरवर्षी नवा अर्ज. मास्तरांनी मान डोलवत सही केली, मग बाईंना आणखी काहीतरी विचारलं आणि तरातरा दुकानात आले.

लेक बटण लावत होती.

"मला खोटी तारीख सांगितलीस?"

तिनं दातानं दोरा तोडला. "खोटी कुठली, बाबा? गिऱ्हाइकाची सांगितली."

 मास्तर मशीनवर बसले आणि बॉबिनमध्ये दोरा नसताना बराच वेळ शिवत राहिले. रागापेक्षा त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेच्या खाली कुठंतरी पोरीचं भारी कौतुकही. बायको आतून हसली, ते त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

प्रवेशाचं पत्र आलं, आणि त्याच्या मागोमाग मदतीचंही. जवळजवळ सगळी फी सुटली. आत्याबाई म्हणाल्या, मला माहीतच होतं. मास्तरांनी ठेवणीतलं निळं कापड काढलं, लेकीच्या कोटासाठी माप घेतलं आणि कॉलेज कधी सुरू होतंय असं सहज विचारलं. एक तारखेला, ती म्हणाली.

एक तारखेला सकाळी कोट तयार होता, इस्त्रीसकट. एवढ्या वर्षांत त्या दुकानातून ठरल्या दिवशी बाहेर पडलेला तो पहिला कपडा. लेकीनं तो अंगात घातला, आरशात पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला.

"बाबा, कॉलेज पंधरा तारखेला आहे."

"ठाऊक आहे," उद्यामास्तर म्हणाले. "खिडकीवर सही केली त्याच दिवशी विचारून आलोय. हात वर कर, बाही बघू दे."