काचेत भाजलेली ओळ

सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की मला आमच्या शहराच्या अकोटा भागातली ती बंद खिडक्यांची खोली आठवते. नव्वदच्या दशकात माझ्या हाताला असा गुण होता की बिघडलेली यंत्रं मला जिन्यात पाहूनच सुरू होत. पण त्या घरातलं जुनं टर्मिनल, ज्यावर तिथल्या बाईंचे यजमान फोनच्या तारेवरून अमेरिकेतल्या मुलाशी लिहून बोलायचे, ते काही उजळेना. वायर काढलेली, तरी काळ्या काचेवर फिकट इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ दिसत होती: 'थांब, येतोच'. "एवढं लिहिलं आणि हे खुर्चीतच गेले," बाई म्हणाल्या. "तेराव्यापर्यंत दिवा विझवत नाहीत ना, तसं मी हे यंत्रही बंद केलं नाही." तेरा दिवसांत ती ओळ काचेत भाजली गेली होती. "नवी काच टाकू, चकाचक!" मी फुशारकी मारली. "काचेला हात नाही लावायचा हं भाऊ, चोक्कस ना, नक्की?" त्या काचेपुढे आडव्या उभ्या राहिल्या. मी आतला जळका भाग तेवढा बदलला आणि बटण दाबलं. पडदा हिरवा झाला. कर्सरची लुकलुकणारी खूण एरवी वरच्या कोपऱ्यात यायची, ती थेट त्या ओळीच्या शेवटी उभी राहिली आणि हळूहळू पुढे सरकू लागली. कळफलकाला कुणाचाच हात नव्हता. "बोलू नका," बाई कुजबुजल्या, "ते लिहितायत." मी चपला हातात घेऊन पार शहराच्या कडेच्या गोत्रीपर्यंत जो पळालो, वाटेत दोन बस मागे टाकल्या. माझा लाडका पेचकस तिथेच राहिला. तो आणायला जायला मला अजून सवड झालेली नाही.